उत्तरासाठीं वाचन

एखादा लेख आपणांस कळला म्हणजे नेमकें काय झालें, हा प्रश्न वरवर पाहतां फार सोपा वाटतो. शब्दांचे अर्थ ठाऊक असले, वाक्यांचा अन्वय लागला, आणि लेखकाचें म्हणणें आपल्या शब्दांत दुसऱ्यास सांगतां आलें, कीं लेख कळला, असें कोणीही सुशिक्षित मनुष्य म्हणेल. परंतु सांगावयाचें कोणास, कशासाठीं, आणि लेख कळल्याचा पुरावा कोणता मानावयाचा, हे पोटप्रश्न काढले म्हणजे हा सोपेपणा टिकत नाहीं. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांत याची चर्चा पुष्कळ ठिकाणीं आढळते; पण या प्रश्नाचें अगदीं उघडें आणि रोजच्या व्यवहारांतलें रूप ज्यास पाहावयाचें असेल, त्यानें चीन देशांतील माध्यमिक शाळांच्या वरच्या वर्गांत इंग्रजीच्या तासास काय चालतें तिकडे लक्ष द्यावें. तेथें लक्षावधि मुलें इंग्रजी उतारे वाचतात, त्यांखालील प्रश्नांचीं उत्तरें देतात, आणि त्या उत्तरांवरून त्यांस उतारा कळला कीं नाहीं हें ठरविलें जातें. कळणें आणि उत्तर देणें या दोन गोष्टी एकच आहेत काय, आणि नसल्या तर त्यांतील अंतराची किंमत कोण भरतो, याचा विचार करण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

प्रथम वस्तुस्थिति सांगितली पाहिजे. चीनमध्यें विद्यापीठांत प्रवेश मिळविण्यासाठीं जी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते तिला 'गाओकाओ' म्हणतात. ती ७ जूनला सुरू होते. २०२४ सालीं तिच्यासाठीं १ कोटि ३४ लक्ष २० हजार विद्यार्थ्यांनीं नांवें नोंदविलीं होतीं. एकंदर ७५० गुणांपैकीं चिनी भाषा, गणित आणि परकी भाषा यांस प्रत्येकीं १५० गुण असतात. परकी भाषा म्हणून रशियन, जपानी, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिश घेण्याची मुभा आहे. तथापि बहुतेक सारे विद्यार्थी इंग्रजीच घेतात. २००१ सालच्या सरकारी धोरणानंतर प्राथमिक शाळेच्या तिसऱ्या इयत्तेपासून इंग्रजी शिकविण्यास आरंभ झाला, त्यामुळें परीक्षेस बसणाऱ्या मुलाच्या पाठीशीं या भाषेचा नऊ-दहा वर्षांचा अभ्यास असतो. इंग्रजीची प्रश्नपत्रिका दोन तासांची. पुष्कळ प्रांतांत चालणाऱ्या नव्या राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेंत १५० पैकीं ५० गुण केवळ वाचनाचे आहेत. चार उतारे, त्यांवर पंधरा प्रश्न, प्रत्येक प्रश्नास चार पर्याय आणि अडीच गुण; शिवाय आणखी एक उतारा असा कीं, त्यांतून पांच वाक्यें काढून घेतलेलीं असतात, आणि खालीं दिलेल्या सात वाक्यांतून योग्य तीं पांच निवडून रिकाम्या जागीं बसवावयाचीं असतात. उरलेलीं दोन वाक्यें केवळ चकविण्यासाठीं घातलेलीं असतात.

या ५० गुणांसाठीं जो सराव चालतो त्याचें एक शास्त्रच बनलें आहे. सकाळीं तास सुरू होण्यापूर्वीं मोठ्यानें पाठ वाचणें, रात्रीं शाळेंतच बसून अभ्यास करणें, आणि त्या अभ्यासांत घड्याळ लावून उतारे सोडविणें, हा क्रम पुष्कळ शाळांतून दिसतो. एका उताऱ्यास साधारणपणें सात-आठ मिनिटांहून अधिक वेळ देतां येत नाहीं. म्हणून शिक्षक सांगतात कीं, आधीं प्रश्न वाचा, मग उतारा वाचा. प्रश्नांत आलेलीं नांवें आणि आंकडे तेवढे उताऱ्यांत शोधा. प्रत्येक परिच्छेदाचें पहिलें आणि शेवटलें वाक्य नीट पाहा. आणि बरोबर पर्याय सांपडत नसेल तर चुकीचे एकेक करून बाद करा. या चुकीच्या पर्यायांचेंही वर्गीकरण झालेलें आहे, आणि प्रत्येक वर्गास चार चिनी अक्षरांचें सुटसुटीत नांव आहे. उताऱ्यांत मुळींच नसलेली गोष्ट शून्यांतून निर्माण करणारा पर्याय, हा एक वर्ग. एका अंशावरून सगळ्याविषयीं विधान करणारा, हा दुसरा. एक कल्पना गुपचूप उचलून तिच्या जागीं दुसरी ठेवणारा, हा तिसरा. आणि कारणास कार्य व कार्यास कारण करणारा, हा चौथा. चुकलेला प्रश्न विद्यार्थी एका स्वतंत्र वहींत उतरवून ठेवतात, आणि ही चुकांची वही परीक्षा जवळ आली म्हणजे पुनःपुन्हां चाळतात.

हें ऐकून कोणी नाक मुरडील, आणि 'हें वाचन नव्हे, ही कवायत आहे' असें म्हणून मोकळा होईल. आम्हांस तसें करणें न्याय्य वाटत नाहीं. या कवायतीच्या मुळाशीं एक मोठी नैतिक कल्पना आहे, ती निःपक्षपाताची. अधिकारी निवडण्यासाठीं चीनमध्यें ज्या शाही परीक्षा होत त्या सातव्या शतकाच्या आरंभापासून १९०५ सालापर्यंत, मध्यें कांहीं खंड पडले तरी, सुमारें तेराशें वर्षें चालत आल्या. सोंग राजवटींत (९६० ते १२७९) उमेदवाराचें नांव उत्तरपत्रिकेवर कागद चिकटवून झांकीत. एवढ्यानेंही समाधान न होऊन, परीक्षकास हस्ताक्षर ओळखतां येऊं नये म्हणून सबंध उत्तरपत्रिका कारकुनांकडून नकलून घेत आणि ती नक्कल परीक्षकापुढें ठेवीत. श्रीमंताचा मुलगा आणि गरिबाचा मुलगा परीक्षकास सारखाच दिसावा, हा त्यामागील हेतु. आज इंग्रजी उताऱ्याखालीं विद्यार्थी जें एक अक्षर निवडतो, ए, बी, सी किंवा डी, तें त्या झांकलेल्या नांवाच्याच परंपरेंतलें आहे. त्या अक्षरास वशिला लावतां येत नाहीं. त्यास शहरी वळण नाहीं, कीं बड्या घराण्याची ओळख नाहीं.

याच्या उलट स्थिति कशी असते तेंही चीननें पाहिलें आहे. १९६६ सालीं सांस्कृतिक क्रांतीच्या लाटेंत प्रवेशपरीक्षा बंद पडली, आणि १९७० नंतर विद्यापीठांतील जागा शिफारशीनें भरल्या जाऊं लागल्या. १९७७ च्या हिवाळ्यांत परीक्षा पुन्हां सुरू झाली तेव्हां सुमारें ५७ लक्ष उमेदवार तिला बसले, आणि त्यांपैकीं पावणेतीन लक्षांच्या आसपास निवडले गेले. शेतांत आणि कारखान्यांत दहा-दहा वर्षें काढलेले स्त्रीपुरुष त्यांत होते. ज्यास कोणाची शिफारस मिळण्याची आशा नव्हती, त्यास चार भिंतींच्या आंत सर्वांसारखीच प्रश्नपत्रिका मिळणें हें केवढें वरदान वाटलें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. आजही शहरांतील मुलास मिळणारीं साधनें खेड्यांतील मुलास मिळत नाहींत, आणि प्रांताप्रांतांच्या जागांत तफावत आहे. म्हणजे विषमता परीक्षेच्या आधीं असते आणि नंतरही असते. परंतु परीक्षेच्या त्या दोन तासांपुरती तरी ती दाराबाहेर ठेवण्याचा प्रयत्न होतो. ज्यास ही गोष्ट क्षुल्लक वाटते, त्यास बहुधा शिफारशीची वाण कधीं पडली नसावी.

दुसरीही एक गोष्ट या सरावाच्या बाजूनें सांगण्यासारखी आहे. 'शून्यांतून निर्माण केलेलें' उत्तर टाळावयास शिकणें म्हणजे लेखकानें जें म्हटलें नाहीं तें त्याच्या तोंडीं न घालण्यास शिकणें होय. हा केवळ बुद्धीचा गुण नव्हे. तो सचोटीचा एक प्रकार आहे. आपल्या सभोंवतालचे वादविवाद जरा पाहावे. प्रतिपक्षाचें एक वाक्य उचलून त्यावरून त्याचें सारें मत ठरविणें, त्यानें 'कांहीं' म्हटलें असतां आपण 'सर्व' ऐकणें, त्याची एक कल्पना बाजूस सारून खंडनास सोयीची दुसरीच तिच्या जागीं ठेवणें, हे प्रकार विद्वान् म्हणविणाऱ्या लोकांतही किती चालतात! चिनी शिक्षकानें ज्या चार दोषांस नांवें दिलीं आहेत तेच हे दोष. सतरा वर्षांचा मुलगा जर शेंकडों उताऱ्यांवर हे दोष ओळखून टाकून देण्यास शिकत असेल, तर तो आपल्या मनाच्या लहरीस आवर घालावयास शिकतो आहे, असें म्हणावें लागेल. दुसऱ्याचें म्हणणें जसें आहे तसें ऐकून घेणें ही वाचनाची पहिली पायरी आहे, आणि या पायरीवर चिनी विद्यार्थी भक्कम उभा असतो.

मग उणें कोठें आहे? आमच्या मतें तें असें. वाचनांत स्वभावतः दोन पक्ष असतात, लिहिणारा आणि वाचणारा. परीक्षेच्या उताऱ्यांत या दोघांच्या मध्यें एक तिसरा येऊन बसतो, तो प्रश्न काढणारा. उतारा बहुधा इंग्रजी नियतकालिकांतून किंवा पुस्तकांतून घेतलेला, कापून लहान केलेला, आणि कठीण शब्द बदलून सोपा केलेला असतो. त्यावर मूळ लेखकाचें नांव बहुधा नसतें. मथळाही नसतो, कारण 'या उताऱ्यास सर्वांत योग्य मथळा कोणता' हा प्रश्नच पुष्कळदां विचारावयाचा असतो. अशा रीतीनें लेखक दृष्टीआड होतो, आणि विद्यार्थी ज्याच्या मनाचा ठाव घेऊं पाहतो तो मनुष्य लेखक नसून प्रश्नकर्ता असतो. 'या माणसास काय म्हणावयाचें आहे?' असें तो विचारीत नाहीं. 'येथें कोणतें उत्तर अपेक्षित आहे?' असें विचारतो. चिनी तत्त्वज्ञ मेन्शियस यानें काव्य वाचणाऱ्यास असा उपदेश केला आहे कीं, त्यानें शब्दांत अडकून न पडतां आपल्या मनानें पुढें होऊन कवीच्या आशयास गांठावें. त्याच्या देशांतील आजचा विद्यार्थी मनानें पुढें होतो खरा, पण तो गांठतो तें परीक्षकाच्या आशयास.

याचें एक बोलकें उदाहरण २०१७ सालीं घडलें. तें इंग्रजीच्या नव्हे तर चिनी भाषेच्या प्रश्नपत्रिकेंतलें आहे, पण प्रश्नाचें स्वरूप तेंच. झेज्यांग प्रांतांतील परीक्षेंत एक आधुनिक लघुकथा उतारा म्हणून दिली होती, आणि तिच्या शेवटीं माशाच्या डोळ्यांविषयीं जें वर्णन आहे त्यासंबंधीं प्रश्न विचारला होता. परीक्षा झाल्यावर विद्यार्थ्यांनीं लेखकास शोधून काढून त्याचा अर्थ विचारला, तेव्हां त्या प्रश्नाचें उत्तर आपणांसही देतां येत नाहीं असें त्यानें सांगितलें. लेखकास स्वतःच्या लिहिण्यांतील सारें कळतेंच असें नाहीं, हें आम्ही मान्य करितों. वाचकास त्याहून अधिक दिसूं शकतें. परंतु मग तें अधिक दिसणें वाचकाचें असलें पाहिजे, आणि त्याचीं कारणें त्यास देतां आलीं पाहिजेत. लेखकासही माहीत नसलेलें आणि वाचकासही स्वतः न दिसलेलें असें एक उत्तर केवळ तिसऱ्याच्या वहींत असावें, आणि त्याच्याशीं जुळलें तर कळलें व न जुळलें तर कळलें नाहीं असें ठरावें, ही कळण्याची मोठी विचित्र कसोटी होय.

येथें आमच्या वाचकांस मीमांसकांची आठवण होईल. ग्रंथाचें तात्पर्य कसें ठरवावें यासाठीं त्यांनीं सहा गमकें सांगितलीं आहेत: उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद आणि उपपत्ति. परिच्छेदाचें पहिलें व शेवटलें वाक्य पाहा, असें सांगणारा चिनी शिक्षक नकळत उपक्रम-उपसंहाराचाच नियम सांगत असतो. पुनःपुन्हां आलेल्या शब्दाकडे लक्ष द्या, असें तो म्हणतो तेव्हां तो अभ्यासाचें गमक सांगतो. नियमांत वैगुण्य नाहीं. पण हींच गमकें लावून झालेल्या वादाचा इतिहास काय सांगतो? गीतेचें तात्पर्य संन्यासपर आहे असें एका परंपरेनें ठरविलें, दुसरीनें भक्तिपर ठरविलें, आणि लोकमान्य टिळकांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्यां'त हीं मीमांसकांचीं गमकें पुढें ठेवूनच तें कर्मयोगपर आहे असें प्रतिपादिलें. गमकें पुष्कळशीं समान, निर्णय भिन्न. आणि तरीही यांतील कोणास गीता कळली नव्हती असें आपण म्हणत नाहीं. कारण प्रत्येकानें आपल्या निर्णयामागें उपपत्ति उभी केली, आणि ती तपासून पाहण्यास इतरांस बोलाविलें. कळण्याचा पुरावा निर्णयांत नव्हता, उपपत्तींत होता. उताऱ्याखालील अक्षरांत निर्णय तेवढा असतो. उपपत्तीस तेथें जागाच नसते.

परीक्षेच्या हातीं पडलें म्हणजे चांगल्या वाचनाचें काय होतें, याचें उदाहरण चीनच्याच इतिहासांत आहे. बाराव्या शतकांतील थोर भाष्यकार झू शी (११३० ते १२००) यानें वाचन कसें करावें याविषयीं शिष्यांस पुष्कळ सांगून ठेविलें आहे. थोडें वाचावें, पण पुनःपुन्हां वाचावें. घाई करूं नये. ज्यास शंका येत नाहींत त्यास शंका घ्यावयास शिकवावें, आणि मग त्या शंकांतून त्यास पार न्यावें, असा त्याचा रोख होता. परीक्षेवर डोळा ठेवून वाचणाऱ्यांविषयीं त्याचें मत चांगलें नव्हतें. परंतु १३१३ सालीं युआन राजवटीनें परीक्षा पुन्हां सुरू करण्याची आज्ञा काढली, तींत 'चार ग्रंथां'वरील याच झू शीचीं भाष्यें प्रमाण ठरविलीं गेलीं. पुढें जवळजवळ सहाशें वर्षें, शंका घ्यावयास शिकविणाऱ्या त्या माणसाचें भाष्य लक्षावधि तरुणांनीं शंका न घेतां पाठ केलें. यांत कोणा एकाचें दुष्टपण नव्हतें. सर्वांस सारखें मापावयाचें तर माप एक हवें, माप एक म्हटलें कीं उत्तर एक हवें, आणि उत्तर एक झालें कीं शंकेस जागा उरत नाहीं. न्यायबुद्धीनेंच हें घडविलें, आणि म्हणून त्याचा विचार अधिक कठीण आहे.

आमच्या काळांत या प्रश्नास एक नवीनच धार आली आहे. २०१७ सालीं अमेरिकेंतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संशोधकांनीं चीनमधील बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या इंग्रजी परीक्षांतून सुमारें २८ हजार उतारे आणि त्यांवरील जवळजवळ १ लक्ष प्रश्न गोळा करून 'रेस' नांवाचा एक संग्रह प्रसिद्ध केला. तो मुलांसाठीं नव्हता. गणकयंत्रांस भाषा कितपत कळते तें मापण्यासाठीं होता. त्या वर्षीं यंत्रांचीं शंभरांत ४३ च्या आसपास उत्तरें बरोबर आलीं, आणि मनुष्यास गांठतां येण्यासारखी मर्यादा ९५ धरली होती. तीन वर्षांच्या आंत यंत्रें नव्वदीच्या जवळ पोहोंचलीं. ज्या उताऱ्यांवर मुलें रात्रीं जागून सराव करीत होतीं, त्याच उताऱ्यांवर यंत्रांचाही सराव झाला, आणि गुणांच्या हिशेबानें यंत्रांनीं पुष्कळ मुलांस मागें टाकिलें. आतां या यंत्रांस उतारा कळला असें म्हणावयाचें काय? येथें विद्वानांत एकमत नाहीं, आणि आम्हीही निकाल देऊं इच्छीत नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, ज्या पुराव्यावर यंत्रास कळलें असें म्हणण्यास आपण कचरतों, त्याच पुराव्यावर मुलास कळलें असें आपण बिनदिक्कत म्हणत आलों आहों. यंत्रापुढें आपली जीभ अडखळते, याचा अर्थ कळणें या शब्दांत अक्षर निवडण्याहून अधिक कांहीं असतें, अशी आपली सर्वांची आंतून खात्री आहे.

तें अधिक म्हणजे काय? पुन्हां चीनकडेच पाहूं. हक्स्लीचा नीति आणि उत्क्रांति यांवरील ग्रंथ १८९८ सालीं चिनी भाषेंत आणणारा येन फू हा इंग्लंडांत ग्रीनिच येथें शिकलेला. शाही परीक्षेंत मात्र तो चार वेळां नापास झाला होता. एकेका पारिभाषिक शब्दासाठीं दहा-दहा दिवस, कधीं महिनाही, आपण अडून बसत होतों, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्याच्याच काळचा लिन शू (१८५२ ते १९२४) याची गोष्ट तर याहून चमत्कारिक. त्यास एकही परकी भाषा येत नव्हती. मित्र मूळ पुस्तक पाहून तोंडीं भाषांतर सांगत, आणि तो तें ऐकत ऐकत अभिजात चिनी गद्यांत उतरवी. अशा रीतीनें त्यानें दीडशेंहून अधिक पुस्तकें चिनी वाचकांपुढें ठेविलीं. १९०८ सालीं निघालेला 'डेव्हिड कॉपरफील्ड'चा अवतार त्यांतलाच. त्याच्या चुका पुष्कळ होत्या. आजच्या प्रश्नपत्रिकेंतील एका उताऱ्याचें एकही उत्तर त्यास देतां आलें नसतें. तथापि डिकन्सचें हंसें आणि आंसू त्यानें आपल्या देशबांधवांपर्यंत पोहोंचविले. लिन शूनें भाषा शिकावयास हवी होती, यांत शंका नाहीं. अज्ञानाचें कौतुक करण्याचा आमचा हेतु नाहीं. पण येन फूपाशीं धीर होता, लिन शूपाशीं सहृदयता होती, आणि दोघांच्याही पुढें पानांतून बोलणारा एक मनुष्य बसलेला होता. कळण्याचें जें अंग गुणांत मापतां येत नाहीं तें हेंच: कोणीतरी आपल्याशीं बोलत आहे, आणि आपण त्यास कांहीं उत्तर देणें लागतों, ही जाणीव. येथें उत्तर हा शब्द आम्ही प्रश्नोत्तराच्या अर्थानें वापरीत नसून, जबाबाच्या अर्थानें वापरीत आहों.

यावर व्यवहारी मनुष्य म्हणेल, 'हें सारें खरें असेल. पण मुलास आधीं विद्यापीठांत तर जाऊं द्या. लेखकाशीं संवाद काय, पुढें आयुष्यभर करावयाचाच आहे.' हा आक्षेप हलका नाहीं. ज्या आईबापांनीं पोटास चिमटा घेऊन मुलास शिकविलें, त्यांच्यापुढें उभें राहून अडीच गुण क्षुद्र आहेत असें सांगण्याचा अधिकार कोणास आहे? तरीपण संवयीचा धर्म असा आहे कीं ती परीक्षेबरोबर संपत नाहीं. जो मुलगा दहा वर्षें आधीं प्रश्न आणि मग मजकूर या क्रमानें वाचीत आला, तो पुढें प्रश्न विचारणारा कोणी नसतांना काय वाचील, आणि कशासाठीं? पुष्कळ तर वाचणेंच सोडून देतील. आणि जे वाचतील त्यांस आपलें मत बनविण्यापूर्वीं, बरोबर मत कोणतें ठरलें आहे याची चौकशी करण्याची खोड लागलेली असेल. दुसऱ्याचे शब्द हे आपल्या लाभाचें साधन एवढ्यापुरतेच मानण्याची ही संवय माणसांशीं वागतांनाही दिसून आल्याशिवाय राहत नाहीं.

चीनमधील शिक्षणाधिकाऱ्यांस हें उणें दिसलें नाहीं असें नव्हे. २०१७ सालच्या उच्च माध्यमिक अभ्यासक्रमांत इंग्रजीच्या अध्यापनाचे जे चार हेतु सांगितले आहेत, त्यांत भाषेच्या सामर्थ्याबरोबर विचारशक्तीचाही स्पष्ट उल्लेख आहे. नव्या प्रश्नपत्रिकेंत २५ गुणांचा एक प्रश्न असा घातला आहे कीं, एका गोष्टीचा पूर्वार्ध द्यावयाचा आणि पुढचे दोन परिच्छेद विद्यार्थ्यानें स्वतः रचावयाचे. येथें लेखकाच्या हातांत हात घालून चालावें लागतें. कल्पना उत्तम आहे. परंतु लगेच भीति, आनंद, अश्रु यांचीं तयार इंग्रजी वाक्यें पाठ करून घेण्याची पद्धतही सुरू झाली, आणि तीं कोणत्याही गोष्टीच्या उत्तरार्धांत बसूं लागलीं. यावरून असें दिसतें कीं, प्रश्नपत्रिकेचें रूप कितीही पालटलें तरी सराव त्यास गिळून टाकतो. म्हणून उपाय प्रश्नपत्रिकेंत शोधण्यांत फारसा अर्थ नाहीं. तिनें न्याय्य असावें, एवढीच अपेक्षा तिच्याकडून करावी. उपाय असेल तर तो उत्तरें तपासून झाल्यानंतरच्या पांच मिनिटांत आहे. अक्षरें निवडून झालीं, गुण मिळाले किंवा गेले, चुकांची वहीही भरली. आतां तोच उतारा पुन्हां एकदां, कोणत्याही प्रश्नासाठीं नव्हे, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचावा. ज्या शिक्षकास हीं पांच मिनिटें काढतां येतात, त्यानें परीक्षेशीं वैर न करतां वाचन वांचविलें असें आम्ही म्हणूं.

हा विचार आम्हीं दूरच्या देशाचें नवल म्हणून मांडलेला नाहीं. हिंदुस्थानांतील मुलकी नोकऱ्यांसाठीं लंडनला १८५५ सालीं जी स्पर्धापरीक्षा सुरू झाली, तिच्यामागील प्रेरणेचा धागा कांहीं इतिहासकार चीनच्या त्या जुन्या परीक्षांपर्यंत नेऊन पोहोंचवितात. धागा कितीही बारीक असो, आपल्याही मुलांच्या प्रश्नपत्रिकेंत इंग्रजीचा अपठित उतारा असतो, आणि आपल्याही घरीं 'किती गुण मिळाले' हा प्रश्न 'काय वाचलेंस' या प्रश्नाच्या आधीं विचारला जातो. आईबापांनीं तो विचारूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. गुणांवर मुलाचें भवितव्य अवलंबून असतां तसें म्हणणें ढोंग होईल. परंतु तो विचारून झाल्यावर आणखी एक विचारावा: ज्यानें हें लिहिलें त्याचें म्हणणें तुला पटलें काय, आणि पटलें नसेल तर कां? या प्रश्नास चार पर्याय नाहींत, आणि त्याचें उत्तर मागच्या पानावर छापलेलें नसतें. मुलगा प्रथम गोंधळेल, कारण त्यास आजवर हें कोणी विचारलेलें नसेल. मग तो उतारा पुन्हां हातीं घेईल. निःपक्षपाती परीक्षेची गरज समाजास आहे, आणि तिची किंमत मुलांच्या वाचनांतून वसूल होत असते. ती वसूल होत आहे हें ओळखणें, आणि जेवढी परत करतां येईल तेवढी घरीं व शाळेंत परत करणें, हें वडील माणसांचें कर्तव्य आहे.